कीबोर्डचा बहुरूपी

गेल्या दिवाळीत ताईचा मुलगा सुट्टीला आमच्याकडे आला होता. त्याला आणि माझ्या मुलीला घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर फुटबॉलचा एक खेळ एकमेकांविरुद्ध खेळायचा होता. खेळ मात्र अडून बसला. एकाने कीबोर्डवर खेळावं, दुसऱ्यासाठी कंट्रोलर जोडावा, असं त्याचं म्हणणं. कंट्रोलर घरात नव्हता आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुकानात जाऊन आणायची माझी तयारी नव्हती.

"थांब मामा, करतो काहीतरी," म्हणत भाच्याने कुठलंसं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, संगणक बंद करून पुन्हा चालू केला आणि एक बटण दाबलं. त्याबरोबर यूएसबीत काही खुपसल्यावर विंडोज जो आवाज करतं, तो आला. मी खोक्याच्या मागे वाकून पाहिलं. कीबोर्ड आणि माऊस, दोन वायरी, सकाळी होत्या तशाच. नवं काहीच जोडलेलं नव्हतं. पडद्यावरच्या यादीत मात्र एक नवं नाव उगवलं होतं: 'कंट्रोलर (एक्सबॉक्स ३६० फॉर विंडोज)'. त्याने तपासणीची खिडकी उघडली. एक चौकोन, त्याच्या मधोमध एक बारीक फुली. "आता डब्ल्यू दाब." मी दाबला. फुली टुणकन वरच्या कडेला जाऊन चिकटली. बोट उचललं, फुली परत मध्ये.

लहानपणी आमच्या दारात बहुरूपी यायचा. खाकी कपडे, डोक्यावर टोपी, काखेत वही. आवाज इतका करडा, की घरातला नवखा माणूस दचकायचाच. संगणकाच्या पोटात नेमकं तेच चाललं होतं. कीबोर्डने कंट्रोलरचा वेश घातला होता आणि खेळ त्याला खरा समजून दार उघडत होता.

हे सोंग वठतं कसं, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात राहिला. उत्तर शोधताना लक्षात आलं, की वेश घालणं त्यातलं सोपं काम आहे. कस लागतो तो बोलण्याचा. कीबोर्ड, माऊस आणि कंट्रोलर या तिघांच्या भाषा वेगळ्या आहेत, आणि एका भाषेतलं दुसरीत नेताना काहीतरी सांडतंच.

बारा बाइटांची चिठ्ठी

खेळाला कंट्रोलर कधी दिसत नसतो. प्लॅस्टिकचा तो तुकडा तुमच्या हातात आहे की नाही, हे त्याला कळायला मार्गच नाही. त्याला मिळते ती फक्त आकड्यांची एक चिठ्ठी, सेकंदाला कित्येकदा.

या चिठ्ठीचा नमुना पूर्वी ठरलेला नव्हता. विंडोजची डायरेक्टइनपुट ही जुनी पद्धत कुठल्याही आकाराची जॉयस्टिक स्वीकारायची, पण एका कंपनीचं तिसऱ्या नंबरचं बटण म्हणजे उडी, तर दुसरीचं म्हणजे गोळी, असा गोंधळ असायचा. प्रत्येक खेळात आधी बटणं लावून घेण्याचा कार्यक्रम. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० आला आणि त्याच सुमारास विंडोजसाठी एक्सइनपुट ही नवी पद्धत आली. तिने आखून दिलं, की कंट्रोलर म्हणजे दोन दांड्या, दोन ट्रिगर आणि ठरावीक बटणं, आणि एका वेळी असे जास्तीत जास्त चार. चौकट आवळली तसा खेळ बनवणाऱ्यांचा ताप गेला. म्हणूनच आजही विंडोजवरचे कितीतरी खेळ कंट्रोलर म्हटलं की एक्सबॉक्स ३६०चाच साचा डोळ्यांपुढे धरतात.

खेळाच्या हाती पडणारी ती चिठ्ठी अवघ्या १२ बाइटांची असते. पहिले दोन बाइट बटणांचे. प्रत्येक बटणाला एक बिट, दाबलं तर एक, नाही तर शून्य. मग डाव्या आणि उजव्या ट्रिगरला एकेक बाइट, म्हणजे ० ते २५५ पर्यंतचा आकडा. ट्रिगर हळूच दाबला तर ४०, निम्मा दाबला तर १२८च्या आसपास, पूर्ण दाबला तर २५५. उरलेले आठ बाइट दोन दांड्यांचे: प्रत्येक दांडीचा आडवा कल आणि उभा कल, उणे ३२,७६८ पासून अधिक ३२,७६७ पर्यंत. दांडी सुटी असली तर शून्य.

संपला कंट्रोलर. जो कोणी हे १२ बाइट योग्य जागी, योग्य नमुन्यात लिहून देईल, तो खेळाच्या लेखी कंट्रोलर. मग तो माणूस असो, कीबोर्ड असो, की दुसऱ्या गावातून इंटरनेटवरून बोलणारा संगणक असो.

गल्लीतलं सोंग, दिल्लीतलं सोंग

ही खोटी चिठ्ठी खेळापर्यंत पोचवायचे दोन रस्ते आहेत. एक गल्लीतला, एक दिल्लीतला.

गल्लीतला रस्ता असा. एक्सइनपुटशी बोलण्यासाठी खेळ विंडोजच्या एका ठरावीक फाइलला हाक मारतो, आणि ती शोधताना बहुतेक वेळा आधी स्वतःच्याच फोल्डरमध्ये डोकावतो. तिथे त्याच नावाची, पण आपली फाइल ठेवून दिली, की खेळ तिलाच विचारतो आणि ती आपल्याला हवं ते उत्तर देते. एक्स३६०सीई हे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं याच युक्तीवर चाललं. जुन्या किंवा स्वस्तातल्या जॉयस्टिकला एक्सबॉक्स ३६०चा मुखवटा चढवणं हे त्याचं मूळ काम. यात विंडोजला काही पत्ता नसतो. फसतो तो फक्त त्या फोल्डरमधला खेळ. प्रत्येक खेळासाठी पुन्हा तीच खटपट करावी लागते, आणि आपल्या फोल्डरमध्ये परकी फाइल शिरलेली पाहून खेळाची चोरपकड यंत्रणा बिथरते ती वेगळीच.

दिल्लीतला रस्ता म्हणजे थेट विंडोजलाच पटवून द्यायचं, की नवं उपकरण जोडलं गेलंय. त्यासाठी ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर हा संगणकाच्या गाभाऱ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतो. तिथे कुणालाही सोवळं न पाळता शिरता येत नाही. ६४-बिट विंडोज सही नसलेल्या ड्रायव्हरला सहसा आत घेत नाही. व्हीजॉय हे या रस्त्यावरचं एक जुनं नाव. ते आठ अक्ष आणि १२८ बटणांपर्यंतची काल्पनिक जॉयस्टिक उभी करतं, म्हणून विमानांचे सिम्युलेटर खेळणाऱ्यांचं ते लाडकं. पण ती जॉयस्टिक जुन्या पद्धतीची. फक्त एक्सइनपुट समजणाऱ्या खेळाला ती दिसतच नाही.

ही उणीव विजेमबसने भरून काढली. नावातला 'बस' म्हणजे यूएसबीतला 'बस', उपकरणं जिथे जोडली जातात तो मार्ग. हा ड्रायव्हर विंडोजच्या आत एक नसलेला मार्ग बांधतो आणि त्यावर एक नसलेला कंट्रोलर खोचतो, एक्सबॉक्स ३६०चा किंवा प्लेस्टेशनच्या ड्युअलशॉक ४चा. यूएसबीच्या जगात प्रत्येक उपकरण जोडताक्षणी आपला कंपनी क्रमांक आणि वस्तू क्रमांक सांगतं. वायरच्या एक्सबॉक्स ३६० कंट्रोलरचे ते ०४५ई आणि ०२८ई असे आहेत, सोळाच्या पायावरच्या मोजणीत लिहिलेले. तोतया कंट्रोलरही हेच सांगतो. मग विंडोज शंका का घेईल? ते मायक्रोसॉफ्टचाच ड्रायव्हर त्याला जोडून देतं आणि स्वागताचा आवाज करतं. आमच्या घरात वाजला तो हाच. विजेमबसच्या कर्त्याने २०२३ मध्ये त्यावरचं काम थांबवलं, तरी कितीतरी सॉफ्टवेअरं अजून त्याच्याच खांद्यावर उभी आहेत.

लिनक्सवर याला एवढा द्राविडी प्राणायाम लागत नाही. तिथे कर्नलमध्येच यूइनपुट नावाची सोय आहे. परवानगी असलेला साधा प्रोग्रामसुद्धा एक फाइल उघडून सांगू शकतो, की मी आता एक गेमपॅड आहे, मला इतकी बटणं आणि इतके अक्ष आहेत. मग एकेक घटना लिहायची: डावी दांडी आडवी इतकी, उभी इतकी, अमुक बटण खाली. शेवटी एक खूण लिहायची, वाक्याच्या शेवटी पूर्णविराम द्यावा तशी. ती पडली की मधल्या सगळ्या घटना एकाच क्षणाच्या मानल्या जातात. कर्नल हे सारं खऱ्या उपकरणासारखंच पुढे वाढून देतो.

रस्ता कुठलाही असो, एक पथ्य पाळावंच लागतं. दाबलेली मूळ कळ मध्येच गिळून टाकायची. नाहीतर डब्ल्यू दाबल्यावर खेळाला कंट्रोलरची दांडीही दिसते आणि खरा डब्ल्यूही. मग पडद्यावरच्या सूचना पिसाळतात. दार उघडायला 'ई दाबा' म्हणतात, पुढच्या क्षणी 'एक्स दाबा', परत 'ई'. सोंगाड्याच्या सदऱ्याखालून स्वतःचा सदरा दिसू लागल्यावर व्हायचं तेच होतं.

हो-नाही आणि किती

वेश झाला. आता बोलणं. आधी कीबोर्डचं बोलू, कारण ते थोडक्यात आटोपतं.

कीबोर्डच्या कळेला दोनच शब्द येतात: हो आणि नाही. दांडीला 'किती' सांगता येतं. थोडी कलवली तर खेळाडू दबक्या पावलांनी चालतो, पूर्ण कलवली तर पळतो. डब्ल्यू म्हणजे सरळ ३२,७६७. चालणं नाहीच, उठलं की पळत सुटायचं. उपाय म्हणून सॉफ्टवेअर एखादी जोडकळ देतं: ती धरून डब्ल्यू दाबला तर आकडा निम्मा. काही सॉफ्टवेअरं दांडीला एकदम टोकाला न नेता क्षणभरात हळूहळू नेतात. गाड्यांच्या शर्यतीत हे फार लागतं, नाहीतर स्टिअरिंगला प्रत्येक वेळी हिसका बसतो.

तिरकं जायचं तर डब्ल्यू आणि डी एकदम दाबायचे. दोन्ही अक्षांवर पूर्ण आकडा गेला तर काय होतं? दांडी गोल खाचेत फिरते, त्यामुळे ती कुठल्याही दिशेला मध्यापासून साधारण सारखीच दूर जाते. दोन अक्षांचे पूर्ण आकडे एकत्र आले तर पायथागोरसच्या हिशेबाने ते अंतर दीडपटीच्या जरा खाली, १.४१ पट होतं. खऱ्या कंट्रोलरवर अंगठ्याचं हाड मोडलं तरी दांडी तिथे पोचणार नाही. शहाणा अनुवादक अशा वेळी दोन्ही अक्षांना २३,१७० देतो, म्हणजे वर्तुळाच्या कडेवर नेमकं बसतं. हा हिशेब विसरला तर काय होतं, याचं प्रसिद्ध उदाहरण १९९३च्या 'डूम' या खेळात आहे. त्यात पुढची चाल आणि बाजूची चाल यांची सरळ बेरीज व्हायची, म्हणून तिरका पळणारा खेळाडू सरळ पळणाऱ्यापेक्षा जोरात जायचा. पट्टीचे खेळाडू मग आख्खा खेळ तिरकेच पळायचे.

याच्या उलट, कीबोर्डला एक गोष्ट जमते जी दांडीला जमत नाही: एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे. ए आणि डी दोन्ही दाबून ठेवले तर दांडी कुठे न्यायची? कुणी म्हणतं मध्ये, कुणी म्हणतं शेवटी दाबलेली कळ खरी. ऐकायला क्षुल्लक, पण यावरून स्पर्धांमध्ये भांडणं झाली आहेत. शेवटची कळ खरी, हा नियम २०२४ मध्ये रेझर कंपनीने 'स्नॅप टॅप' नावाने आपल्या कीबोर्डातच घातला. त्याने दिशा बदलणं इतकं अचूक झालं, की काही आठवड्यांतच व्हॉल्वने 'काउंटर-स्ट्राइक २'च्या आपल्या अधिकृत सर्व्हरांवर अशा सोयीला मनाई केली.

आणि एक दुखणं असं, की त्यावर सॉफ्टवेअरचं औषध लागूच पडत नाही. आमच्या घरच्या सामन्यात दहाव्या मिनिटाला मुलगी करवादली: "हा पळत असला की माझा पास जातच नाही!" भाच्याला वाटलं ती रडीचा डाव खेळतेय. ती खरं बोलत होती. स्वस्त कीबोर्डच्या पोटात कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या असतात. आयताच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या, की चौथीही दाबली गेल्याचा भास होतो. तो टाळायला कीबोर्ड तिसरी कळ सरळ दडपून टाकतो. दोघांची चार-पाच बोटं एकाच जाळीवर पडली, की कुणाची तरी कळ मधल्या मध्ये गायब. जे कीबोर्डातून बाहेरच आलं नाही, त्याचा अनुवाद कोण करणार?

उपाय माळ्यावर सापडला. जुन्या संगणकाचा कीबोर्ड होता, त्याची धूळ झटकली. एरवी विंडोज दोन्ही कीबोर्डांच्या कळा एकाच पातेल्यात ओततं, पण एक्सपीच्या काळापासून 'रॉ इनपुट' नावाची सोय आहे. तिच्यातून कळ कुठल्या कीबोर्डवरून आली, तेही कळतं. भाच्याच्या सॉफ्टवेअरला ती सोय ठाऊक होती. एक कीबोर्ड कीबोर्डच राहिला, दुसरा कंट्रोलर झाला. भांडण मिटलं.

माऊस सांगतो 'किती लांब', दांडी सांगते 'किती वेगाने'

आता खरा पेच. बंदुकीच्या खेळात उजवी दांडी नजर फिरवते. ते काम माऊसकडून करून घ्यायचं, तर अडचण भाषेच्या मुळाशीच आहे.

माऊस सरकवला की तो सांगतो: मागच्या निरोपानंतर मी इतकी घरं उजवीकडे गेलो. साधा माऊस असा निरोप सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी देतो. हात थांबला, निरोप थांबला, नजर थांबली. हाताने जेवढं अंतर कापलं, तेवढीच नजर वळते. दांडीचं तसं नाही. दांडी कलवून धरली की नजर वळतच राहते, सोडेपर्यंत. जास्त कलवली तर जास्त वेगाने. माऊस अंतर बोलतो, दांडी वेग बोलते.

शाळेत शिकलेलं सूत्र इथे कामी येतं. वेगावरून अंतर काढायचं तर बेरीज करत जायची. दर क्षणी वेग किती, तेवढं पुढे, तेवढं पुढे. बेरजेत बारीकसारीक चुका विरून जातात. म्हणून उलट दिशेचं काम, म्हणजे कंट्रोलरच्या दांडीने माऊसचा बाण हलवणं, सोपं असतं. ते करणारी सॉफ्टवेअरं खूप आधीपासून आहेत. अंतरावरून वेग काढायचा तर भागाकार करावा लागतो, तोही ८ मिलिसेकंदांसारख्या चिमुकल्या आकड्याने. एका निरोपात सहा घरं, पुढच्यात चार, मग शून्य, मग सात. हाताला हे एकसंध सरकणं वाटतं. भागाकार केल्यावर मात्र वेग टाचणीवर ठेवलेल्या मोहरीसारखा थरथरतो. दांडी कलली, मध्ये आली, परत कलली. पडद्यावर नजर गचके खात फिरते.

गचके घालवायला अनुवादक मागच्या चार-पाच निरोपांची सरासरी धरतो. हालचाल गुळगुळीत होते, पण सरासरीत जुनं मिसळलेलं असतं, म्हणून हात थांबल्यावरही नजर किंचित पुढे सरकते. गुळगुळीतपणा हवा तर उशीर सोसा. तत्परता हवी तर गचके सोसा. दोन्ही एकदम मिळत नाही. असं सॉफ्टवेअर चालवणारे लोक तासन्‌तास पट्ट्या सरकवत बसतात ते याच दोघांमधला आपापला सुवर्णमध्य शोधायला.

त्यात दांडीचं एक वेगळं खुसपट. वापरून सैल झालेली दांडी सोडल्यावर नेमकी शून्यावर येत नाही. म्हणून मध्याभोवती एक मृत पट्टा सोडतात. त्यातले आकडे आले तर दुर्लक्ष करायचं. एक्सबॉक्स ३६०च्या दांड्यांसाठी मायक्रोसॉफ्टने सुचवलेले आकडे आहेत: डावीला ७,८४९, उजवीला ८,६८९. म्हणजे उजव्या दांडीच्या कलण्याचा पहिला पावहून अधिक भाग खेळ कानाआड करतो. खऱ्या अंगठ्याला हे खटकत नाही. माऊसची नाजूक, चिमूटभर हालचाल मात्र अनुवादात दोन-तीन हजारांवर येते आणि त्या पट्ट्यात बुडून जाते. नेम साधायला माऊस केसभर हलवला, तर पडद्यावर काहीच हलत नाही; आणखी हलवला तर एकदम उडी. यावरचा तोडगा म्हणजे उलटा पट्टा. माऊस जरा जरी हलला तरी सुरुवातच ८,६८९च्या पुढून करायची. पण हा पट्टा प्रत्येक खेळ आपापल्या मर्जीने ठरवतो, म्हणून प्रत्येक खेळासाठी तो पुन्हा चाचपडून काढावा लागतो, अंधारात भिंतीवरचं बटण शोधावं तसा.

याशिवाय बरेच खेळ दांडीच्या कलण्याला सरळ हिशेबाने वेग देत नाहीत. मध्याजवळ हात हळुवार, टोकाजवळ अचानक जोरदार, असा वाक असतो. अंगठ्याला बारीक नेम साधता यावा म्हणून ती सोय. अनुवादकाला हा वाक ओळखून उलटा फिरवावा लागतो, नाहीतर माऊस जितका भराभर सरकवावा त्याहून कितीतरी भराभर नजर उधळते.

आणि सगळं जमलं तरी एक भिंत उरतेच. दांडी टोकाला गेल्यावर त्यापुढे जात नाही. समजा, खेळाने वळण्याचा जास्तीत जास्त वेग सेकंदाला १८० अंश ठेवलाय. माऊसच्या एका झटक्यात, सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात, माणूस मागे वळू पाहतो. दांडीच्या भाषेत त्या दहाव्या हिश्श्यात फार तर १८ अंश बसतात. उरलेल्या १६२ अंशांचं काय? टाकून दिले तर माऊस अडकल्यासारखा वाटतो. उधारीवर ठेवून नंतर फेडले तर हात थांबल्यावरही नजर जवळजवळ सेकंदभर आपली फिरतेच आहे. कंट्रोलरचा वेश घालून माऊसने कितीही फुशारकी मारली, तरी चालावं लागतं दांडीच्याच चालीने.

सोंगाची गरज कुणाला?

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा कंट्रोलर विकत घ्यावा, हे कुणीही म्हणेल. ज्याच्या खिशाला आणि हातांना तो झेपतो, त्याच्यासाठी ते खरंच आहे. 'हातांना' हा शब्द मी मुद्दाम घातला. कंट्रोलर दोन्ही हातांत धरायची, दोन्ही अंगठे चालवायची वस्तू आहे. एका हातानेच काम करणाऱ्याला, बोटं आखडलेल्या माणसाला तो निरुपयोगी. कळा मात्र टेबलावर पसरता येतात, हव्या तिथे हव्या त्या कामाला लावता येतात. ही गरज ओळखून मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर आणला. वर दोन मोठाली गोल बटणं आणि मागे ओळीने १९ खाचा. त्यांत पायाने दाबायचा, कोपराने ढकलायचा, कसलाही स्विच जोडावा. खेळाला दिसतो तो नेहमीचा एक्सबॉक्स कंट्रोलरच. म्हणजे हेही एक सोंगच, फक्त कारखान्यातून रीतसर निघालेलं.

दूरच्या संगणकावर खेळणाऱ्यांना तर सोंगावाचून गत्यंतर नाही. पुण्यातल्या घरी ठेवलेल्या संगणकावरचा खेळ कुणी गावाकडून चालवत असेल, तर हातातला कंट्रोलर गावाकडच्या यंत्राला जोडलेला असतो. पुण्याच्या संगणकाला काहीच जोडलेलं नसतं. तिथे तोतया कंट्रोलर उभा करून त्याच्या तोंडी गावाकडून आलेले आकडे घालावे लागतात. सनशाइनसारखी सॉफ्टवेअरं विंडोजवर त्यासाठी विजेमबसचाच आधार घेतात. खेळ तयार करणाऱ्यांनाही हे सोयीचं. तेच बटण हजार वेळा दाबून पाहायला माणूस बसवण्यापेक्षा तोतया कंट्रोलरला लिहून दिलेले आकडे वाचायला लावायचे.

बिदागी आणि दंड

आता सोंगाची काळी बाजू. अंगठ्याने नेम साधणं कठीण, म्हणून कंट्रोलरने खेळणाऱ्याला अनेक खेळ हात देतात. नेमाची खूण शत्रूवर आली, की नजर जरा जड होते. शत्रू सरकला, तर नजरही थोडी त्याच्यामागे सरकते. लंगड्याला काठी द्यावी तशी ही मदत. माऊसवाल्याला ती नसते, कारण त्याला तिची गरज नसते. मग काही जणांनी दोन्ही हातांत लाडू घ्यायचं ठरवलं: हाताशी माऊस, वेश कंट्रोलरचा, वर काठीची मदतही. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर सॉफ्टवेअर घालता येत नाही, तर तिथे हेच काम करणाऱ्या डब्या बाजारात आल्या.

खेळ बनवणाऱ्यांनी मग उलट तपासणी सुरू केली. 'कॉल ऑफ ड्यूटी'च्या रिकोशे या चोरपकड यंत्रणेने २०२३ मध्ये अशा डब्या ओळखायला सुरुवात केली. त्याच वर्षी युबिसॉफ्टने 'रेनबो सिक्स सीज'मध्ये 'माऊसट्रॅप' आणली. तिची सुरुवातीची शिक्षा मोठी मासलेवाईक होती. ती तोतयाला हाकलून देत नसे. त्याच्या प्रत्येक हालचालीला उशीर लावायची. ज्या तत्परतेसाठी माऊस धरला, तीच काढून घ्यायची.

सोंग पकडण्याचा सुगावा मघाच्या हिशेबातच दडलेला आहे. अंगठ्याने फिरवलेली दांडी मध्यापासून टोकापर्यंत जाताना वाटेतल्या आकड्यांना शिवत जाते. माऊसची दांडी ८,६८९वर उगवते, चमकून टोकाला जाते आणि एका निरोपात शून्यावर आदळते. कीबोर्डची तर आठच दिशा जाणते. आकडे नमुन्यातले असले, तरी बोलण्याचा हेल लपत नाही.

उघडपणे वेगळं बसवण्याचाही मार्ग आहे. मोबाइलवरचा पबजी संगणकावर एम्युलेटरमधून, कीबोर्ड-माऊसने खेळणाऱ्यांची गाठ त्यांच्यासारख्यांशीच घालून देण्याची पद्धत त्या खेळाने ठेवली. सोंग करा, पण सोंगाड्यांच्याच पंगतीत बसा.

असं काही स्वतः करून पाहणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ड्रायव्हर गाभाऱ्यात शिरतो, म्हणून तो मूळ कर्त्याकडूनच घ्यावा. कुठल्याही कोपऱ्यातून उचललेला नको. आणि इंटरनेटवर अनोळखी लोकांशी खेळताना आधी त्या खेळाचे नियम वाचावेत, नाहीतर खातं बंद व्हायची वेळ येते.

आमच्या घरचा सामना भाऊबीजेपर्यंत चालला. दोघांनाही ठाऊक होतं, की समोरचा कंट्रोलर म्हणजे माळ्यावरचा जुना कीबोर्ड आहे. मला त्या बहुरूप्याची पुन्हा आठवण झाली. तो दारात येऊन दम द्यायचा, सगळ्यांची घाबरगुंडी उडवायचा, मग हसून टोपी काढायचा आणि आई त्याला पसाभर धान्य घालायची. ज्या दिवशी त्याने त्याच खाकी वेशात, टोपी न काढता, कुणाकडून दंडाची पावती फाडली असती, त्या दिवशी खरे पोलीस त्याला घेऊन गेले असते. कपडे दोन्ही वेळी तेच असते.